घरातल्या तिघा-चौघांचे केस एकदम गळायला लागले तर? पाणी, धान्य, आजारपण आणि घराणं यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरात एकाच वेळी तिघांचे केस गळतायत. पाण्यामुळेच असेल ना?

असेलही. पण पाण्यावर आपला संशय फार लवकर जातो, कारण त्याची चव कळते, भांड्यावरचे पांढरे डाग दिसतात आणि ते बदलणं आपल्या हातात असतं. फिल्टर घेण्याआधी एक कागद घ्या आणि घरात राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहा. प्रत्येकापुढे लिहा: रक्ताचं नातं कोणाशी, पाणी कुठलं पितो, जेवतो कुठे, गेल्या सहा महिन्यांत काय आजारपण झालं, कोणतं औषध सुरू आहे आणि केस गळायला नेमके कधी लागले.

या यादीतले सगळ्यात उपयोगी साक्षीदार म्हणजे घरात राहणारी पण रक्ताच्या नात्यातली नसलेली माणसं. सून, भाडेकरू, शिकायला ठेवलेला मित्राचा मुलगा, दुपारी इथेच जेवणाऱ्या कामाच्या मावशी. बाप, मुलगा आणि पुतण्या यांचेच केस विरळ होत असतील आणि सुनेचे दाट असतील, तर कारण बहुधा घराण्यात आहे. सासू आणि सून दोघींचे एकाच महिन्यात गळायला लागले, तर कारण हंड्यात, पिठाच्या डब्यात किंवा दोघींना झालेल्या तापात शोधायला हवं. आणि पुण्यात राहणाऱ्या मुलीचेही तेव्हाच गळू लागले असतील, तर गावच्या विहिरीला दोष देऊ नका. दिवाळीला ती घरी येऊन काय काय खाऊन गेली, हे मात्र विचारा.

ही यादी करायला अर्धा तास लागतो. डॉक्टरांसमोर ठेवली की त्यांचंही काम सोपं होतं.

घराण्यातलं टक्कल आणि बाहेरच्या कारणाने गेलेले केस यांत फरक कसा करायचा?

घराण्यातलं टक्कल सावकाश येतं. पुरुषांत कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून आणि टाळूवरून, बायकांत भांग रुंदावत जातो. केस आधी बारीक होतात, मग जातात. त्याला वर्षं लागतात, म्हणून तारीख सांगता येत नाही. तुम्ही बोट ठेवून ‘मार्गशीर्षातल्या त्या आठवड्यापासून’ असं सांगू शकत असाल, तर ते निव्वळ आनुवंशिक असण्याची शक्यता कमी.

वारसा आईकडूनही येतो आणि वडिलांकडूनही. ‘मामाला टक्कल नाही म्हणजे मला पडणार नाही’ हा हिशेब खरा नाही.

डॉक्टर तीन महिन्यांपूर्वीचं का विचारतात? केस तर आत्ता गळतायत.

कारण केस आठवण ठेवतात. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले ८५ ते ९० टक्के वाढीच्या अवस्थेत असतात आणि उरलेले विश्रांतीत. विश्रांतीत गेलेला केस लगेच पडत नाही, दोन-तीन महिने मुळाशी तसाच थांबतो आणि मग गळतो. रोज ५० ते १०० केस जाणं हे रोजचंच चक्र आहे.

जोराचा ताप, मोठं ऑपरेशन, बाळंतपण, अचानक कमी केलेलं खाणं किंवा मोठा धक्का बसला, की बरेच केस एकदम विश्रांतीत जातात. माणूस बरा होतो, कामाला लागतो, आणि दोन-तीन महिन्यांनी कंगव्यात गुंताडं यायला लागतं. तोवर तापाची आठवण पुसट झालेली असते.

आमच्याच घरातलं सांगतो. एका डिसेंबरात माझे, पत्नीचे आणि मुलाचे केस मुठीने यायला लागले. आम्ही टाकी रिकामी करून घासली, साबण बदलला, तेल बदललं, शेवटी एक महागडं यंत्र नळाला बसवलं. विकणाऱ्याने ‘महिन्यात फरक दिसेल’ असं छातीठोक सांगितलं होतं. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी एकच प्रश्न विचारला: सप्टेंबरात काय झालं होतं? सप्टेंबरात आम्हा तिघांना पाठोपाठ डेंगी झाला होता. आई तेव्हा पंढरपूरला बहिणीकडे होती. ती परत आल्यापासून तेच पाणी पीत होती, तेच जेवत होती आणि तिचा एक केसही जादा गळला नव्हता. उत्तर आमच्या डोळ्यांसमोर देवघरात बसून वाती वळत होतं आणि आम्ही मात्र टाक्या घासत होतो. मार्चपर्यंत आमचे केस गळणं आपोआप थांबलं.

एका कुटुंबात एकाच वेळी केस गळण्याचं मी पाहिलेलं सगळ्यात नेहमीचं कारण हेच: सगळ्यांनी मिळून काढलेलं आजारपण. डेंगी, चिकुनगुन्या, टायफॉइड, कोविड. म्हणून ‘बाहेरचं कारण’ म्हटलं की दाराबाहेर साठलेलं डबकंही त्यात धरा.

बोअरचं जड पाणी केस गळवतं का?

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. साबणाला फेस येत नाही, केस राठ आणि चिकट होतात, विंचरताना तुटतात. पण हे तुटणं आहे, मुळातून गळणं नाही. क्लोरीनचंही तसंच.

फरक घरी ओळखता येतो. पडलेला केस पांढऱ्या कागदावर ठेवा. एका टोकाला टाचणीच्या डोक्याएवढी पांढुरकी गाठ असेल, तर तो मुळातून आलेला आहे. दोन्ही टोकं नुसतीच तुटल्यासारखी असतील, तर दोष केसाच्या दोरीला आहे: पाणी, रंग, सरळ करण्याची रसायनं, घट्ट वेण्या किंवा ओल्या केसांवर चालवलेला कंगवा. रोज ताणून बांधलेला अंबाडा मात्र कालांतराने मुळालाही इजा करतो, आणि तिथले केस कायमचे जाऊ शकतात.

अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात, पिढ्यान्‌पिढ्या खारं पाणी प्यायलं गेलं. त्या पाण्याचे इतर त्रास खरे आहेत आणि लोकांनी ते सोसले आहेत. पण त्याने, पुढे सांगितलेल्या बुलढाण्यातल्या प्रकारासारखं, तीन-चार दिवसांत टक्कल पडत असतं, तर ते आपल्या आज्यांनी कधीच सांगितलं असतं.

बुलढाणा जिल्ह्यात नेमकं काय झालं होतं?

डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा, भोनगाव अशा गावांतून एकच तक्रार यायला लागली. आधी डोक्याला खाज. मग केस नुसते ओढले तरी हातात. आणि तीन-चार दिवसांत टक्कल. लहान मुलं, कॉलेजातल्या मुली, म्हातारी माणसं, कोणीच सुटलं नाही. काही घरांत एकापेक्षा जास्त जण. काहींना डोकेदुखी, ताप, हातापायांना मुंग्या, उलट्या आणि जुलाबही झाले. १८ गावांत २७९ जणांची नोंद झाली.

सुरुवातीला शाम्पूचं नाव घेतलं गेलं, पण कधीच शाम्पू न लावणाऱ्यांचेही केस गेले होते. मग बुरशीचा संशय आला. मग पाणी तपासलं, त्यात नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले आणि बऱ्याच जणांना वाटलं की सापडलं. नायट्रेट तान्ह्या बाळांच्या रक्ताला घातक असतं हे खरं. पण त्याने टक्कल पडत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक येऊन रक्त, लघवी, पाणी, माती, धान्य यांचे नमुने घेऊन गेलं.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे गेले. विंचूदंशावरच्या कामामुळे त्यांचं नाव महाराष्ट्राला माहीत आहे, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी लोकांच्या पाण्याबरोबर त्यांच्या ताटाकडे पाहिलं. रेशनवर आलेल्या गव्हाचे नमुने त्यांनी ठाण्याच्या प्रयोगशाळेत तपासून घेतले. किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघालं, जिथे जास्तीत जास्त १.९ मिलिग्रॅम चालतं. त्यांनी सांगितल्याप्रमाणे बाधितांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट होतं, शिवाय झिंक बरंच कमी होतं. हा गहू उत्तरेतून, पंजाब-हरियाणाकडून आलेला होता, असं त्यांचं म्हणणं. पुढे काही जणांची नखंही खराब होऊन गळायला लागली, आणि ते सेलेनियमच्या विषबाधेशी जुळतं.

मला या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की डॉ. बावस्करांच्या निष्कर्षाप्रमाणे दोष गावात नव्हता, गावाबाहेरून पोत्यात आला होता. लोक मात्र आपापल्या विहिरी, आपापले साबण आणि आपापली नशिबं तपासत बसले होते.

सेलेनियम म्हणजे काय? गव्हात कुठून येतं?

जमिनीत आढळणारं मूलद्रव्य आहे. शरीराला लागतं, पण अगदी चिमूटभरही नाही. भारतातल्या प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ४० मायक्रोग्रॅम पुरतं, म्हणजे ०.०४ मिलिग्रॅम. अमेरिकेत वरची सुरक्षित मर्यादा ०.४ मिलिग्रॅम धरली आहे, युरोपात त्याहून कमी. गरज आणि विष यांच्यामधली वाट इतकी अरुंद असलेली पोषकद्रव्यं थोडी आहेत.

सेलेनियम रासायनिकदृष्ट्या गंधकाचं चुलत भावंड. रोपटं दोघांत फारसा फरक करत नाही. जमिनीत सेलेनियम जास्त असलं की गहू ते गंधकाच्या जागी आपल्या प्रथिनांत बसवतो. आपले केस आणि नखं ज्या केराटिनची बनतात, त्यात गंधक भरपूर असतं, म्हणून फटका तिथे आधी दिसतो.

पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी, नवांशहर आणि होशियारपूरच्या भागात, अशा जमिनीचे पट्टे आहेत. तिथल्या कृषी शास्त्रज्ञांनी ते पूर्वीपासून नोंदवले आहेत, आणि तिथल्या गुरांचे खूर आणि शेपटीचे केसही गेलेले आहेत.

चीनमध्ये हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात हे फार मोठ्या प्रमाणात घडलं. तिथल्या दगडी कोळशात सेलेनियम होतं, ते झिजून शेतात उतरत होतं. दुष्काळात भात बुडाला, लोकांच्या पोटात तिथलाच मका आणि भाज्या जास्त जायला लागल्या. १९६१ ते १९६४ या काळात रोग शिगेला पोचला. सगळ्यात वाईट झळ बसलेल्या पाच खेड्यांत २४८ माणसं होती, त्यातल्या जवळजवळ निम्म्यांचे केस आणि नखं गेली. त्या भागातल्या लोकांच्या पोटात दिवसाला सरासरी ५ मिलिग्रॅम सेलेनियम जात होतं.

आता शेगावचा आकडा त्याच्या शेजारी ठेवा. रोज ३०० ग्रॅम कणकेच्या पोळ्या खाणाऱ्याच्या पोटात १४.५२ च्या हिशेबाने ४.३६ मिलिग्रॅम जातं. मी हा गुणाकार कागदावर केला तेव्हा थोडा वेळ गप्पच बसलो. साठ वर्षांच्या आणि काही हजार किलोमीटरच्या अंतराने दोन आकडे इतके जवळ यावेत!

तेवढंच सेलेनियम पाण्यातून यायला हवं असतं, तर रोज तीन लिटर पिणाऱ्याच्या पाण्यात ते लिटरला दीड मिलिग्रॅमच्या आसपास असावं लागलं असतं. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे तिच्या जवळजवळ दीडशे पट. म्हणून पहिला संशय धान्यावर.

गहू धुऊन, वाळवून, भाजून घेतला तर चालेल?

नाही. डॉ. बावस्करांनी धुतलेला गहूही तपासला होता: १४.५२ वरून १३.६१. विष दाण्याच्या आत, प्रथिनात बसलेलं असतं, ते पाण्याने निघत नाही. भाजूनही भरवसा नाही. पाणी उकळून तर जंतू मरतात, पण सेलेनियम, आर्सेनिक, नायट्रेट तसंच राहतं, उलट पाणी आटल्यामुळे थोडं घट्ट होतं.

मग रेशनचा गहू खाऊच नये का?

असं मी कधीच म्हणणार नाही. या देशातल्या कोट्यवधी घरांची चूल त्या धान्यावर पेटते, आणि पोटभर न जेवल्यानेही केस जातात. एका भागात एका खेपेला आलेला माल म्हणजे सगळं रेशन नाही.

पण काळजी घेता येते. महिनाभर एकाच पोत्यातला गहू तिन्ही त्रिकाळ खाण्याऐवजी ज्वारी, बाजरी, तांदूळ आलटून पालटून ठेवा. विदर्भ-मराठवाड्यात भाकरी मागे पडली आणि पोळी रोजची झाली, त्यामुळे एकाच धान्यातून एकच गोष्ट जास्त जाण्याचा धोका वाढला. नवीन पोतं उघडलं की पाव किलो गहू कोरड्या स्वच्छ पिशवीत बांधून त्यावर तारीख आणि दुकान लिहून ठेवा. काही घडलंच तर हीच पुरचुंडी सगळ्यात मोठा पुरावा ठरते. नाहीतर तपासणीची माणसं येईपर्यंत गहू खाऊन संपलेला असतो.

केस गळतायत म्हणून सगळ्यांनीच केसांच्या गोळ्या सुरू केल्या. हरकत आहे?

आहे. गोळ्यांच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. अनेकांत सेलेनियम असतं, अ जीवनसत्त्व असतं. दोन्ही जास्त झाली की केस गळतात. म्हणजे ज्यासाठी गोळी घेतो, तेच वाढू शकतं. अमेरिकेत २००८ मध्ये एका पूरक टॉनिकात लेबलवर लिहिल्याच्या सुमारे २०० पट सेलेनियम पडलं होतं, आणि २०१ जण आजारी पडले. केस गेले, नखं विद्रूप झाली, सांधे दुखले.

अशा गोळ्यांत असणाऱ्या बायोटिन या जीवनसत्त्वाने आणखी एक घोळ होतो. ते घेत असताना थायरॉइडची तपासणी केली, तर रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. रक्त देण्याआधी डॉक्टरांना गोळीबद्दल सांगा.

केसांबरोबर तळपायांची आग होतेय. काही संबंध?

हा प्रश्न मी सगळ्यांत गंभीरपणे घेतो. आधी पोटात दुखणं, मग काही दिवसांत तळपायांना पांघरूणही सोसवत नाही अशी आग, आणि दोन-तीन आठवड्यांत केस झडणं, हा क्रम थॅलियम या धातूच्या विषबाधेचा आहे. त्याच्या क्षारांना रंग, वास, चव काहीच नसते. एकेकाळी उंदीर मारायच्या औषधांत ते वापरत, आणि शंभर वर्षांपूर्वी मुलांच्या डोक्यावरच्या नायट्यासाठी केस पाडायला तेच देत, यावर आज विश्वास बसणार नाही. घरातल्या एकापेक्षा जास्त माणसांना असं झालं, तर त्वचेच्या दवाखान्यात जाऊ नका, थेट वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा आणि ‘थॅलियमची तपासणी होईल का’ असं स्पष्ट विचारा. यावर उतारा आहे, प्रशियन ब्लू नावाचा, पण तो वेळेवर मिळावा लागतो.

एखाद्या भाजीने किंवा झाडपाल्याने केस जाऊ शकतात?

जातात, आणि हे आपल्या अंगणातलं आहे.

दुधी किंवा भोपळा कडू लागला तर तो टाका. त्यातली कडू द्रव्यं उलट्या-जुलाब घडवतात हे आपल्याला ठाऊक आहे. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या एका त्वचारोगतज्ज्ञाने दोन बायकांची हकिकत प्रसिद्ध केली: कडू भोपळा खाल्ला, पोट बिघडलं आणि काही आठवड्यांच्या आत डोक्यावरचे बरेच केस गेले. एकीच्या घरच्यांनी तेच सूप घेतलं होतं, पण कमी, आणि त्यांचे केस वाचले. आपल्याकडे ‘अन्न वाया जाऊ नये’ म्हणून कडू दुधीही गूळ घालून संपवणाऱ्या माऊल्या आहेत. हा दुधी वाया गेला तरी चालेल.

कळलावी, जिला खड्यानागही म्हणतात, पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते. तिच्या कंदात कोल्चिसीन नावाचं विष असतं. चुकून रताळं समजून खाल्ला तर जीवच जाऊ शकतो. वाचलेल्यांचे केस आठवड्या-दोन आठवड्यांनी झडतात.

सुबाभळीच्या पाल्यात आणि बियांत मायमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. जास्त पाला खाल्लेल्या घोड्यांची आयाळ झडते, मेंढ्यांची लोकर निघून येते. शेळ्यांना चारा म्हणून ती मिसळून देतात हे ठीक, पण मुलं खेळताना बिया चघळत असतील तर हटका.

एका कंगव्याने सगळ्यांना लागण होते का?

डोक्यावरच्या नायट्याची होते. तो बहुतेक लहान मुलांत दिसतो: गोल चट्टा, कोंडा, मुळाशी तुटलेले काळे ठिपके, कधी पू. कंगवा, टोपी, टॉवेल, उशी आणि घरातलं मांजर यांतून पसरतो. मलमाने जात नाही, कारण बुरशी केसाच्या मुळात असते, पोटातून औषध घ्यावं लागतं. औषधाच्या दुकानातून आणलेली स्टिरॉइड मिसळलेली क्रीम तर लावूच नका.

चाई वेगळी. तिथे चट्टा गुळगुळीत असतो, कोंडा नाही, खाज नाही. ‘किड्याने केस खाल्ले’ म्हणतात, पण तो शरीराच्याच संरक्षणव्यवस्थेने मुळांवर केलेला हल्ला असतो. ती एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. चाई पडलेल्या मुलाची उशी वेगळी करू नका, त्याच्या मनाला लागतं आणि फायदा शून्य.

चुलीचा धूर, कारखान्याची हवा, शेतातली फवारणी?

हवेने तीन दिवसांत टक्कल पडत नाही. धूर आणि सिगारेट यांचा संबंध घराण्यातल्या टकलाचा वेग वाढण्याशी जोडला जातो. फवारणीचा धोका आधी श्वास, डोळे, मज्जासंस्था यांना असतो. केस त्या मानाने फार नंतर येतात, म्हणून केसांची वाट न पाहता तोंडाला कापड, हातात मोजे आणि अंघोळ हे पाळा.

दुबईला आल्यापासून सगळ्या घराचे केस गळतायत.

आखाती देशांतले मराठी लोक हे हमखास सांगतात आणि दोष समुद्राच्या गोड केलेल्या पाण्याला देतात. स्थलांतराआधीचे तीन महिने आठवा: सामान आवरणं, झोपेचे हाल, जेवणाचा बदल, निरोपाचा ताण. दुसरी गोष्ट, तिथे उन्हात फारसं जाणंच होत नाही, म्हणून ड जीवनसत्त्व तपासून घ्या. पाण्याचा नंबर त्यानंतर.

कोणत्या तपासण्या करायच्या? कुठे?

माणसाची आधी: हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, गरजेप्रमाणे बी१२ आणि ड. ज्या घरात सगळे एकसारखं कमी खातात, तिथे सगळ्यांच्यात एकसारखी लोहाची कमतरता निघते, विशेषतः बायका-मुलींत. तेही बाहेरचंच कारण.

पाण्यासाठी जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. एक लक्षात ठेवा: नेहमीच्या तपासणीत क्षार, जडपणा, नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतू पाहतात. सेलेनियम, आर्सेनिक, थॅलियम मागितल्याशिवाय कोणी पाहत नाही. ‘पाणी चांगलं आहे’ एवढा शेरा वाचून समाधान मानू नका, काय तपासलं ती यादी वाचा.

धातूंचा संशय असेल तर रक्त आणि २४ तासांची लघवी पाठवतात. बाजारात केस पाठवून ‘शरीरातली खनिजं’ सांगणारे महाग रिपोर्ट मिळतात. तेल, रंग, शाम्पू सगळं केसाला चिकटलेलं असतं, त्यामुळे फक्त त्यांच्यावर विसंबून औषध सुरू करू नका.

आरोग्य केंद्रात केव्हा कळवायचं?

वेगवेगळ्या दोन घरांत, आठवड्याच्या आत, असेच केस गेले असतील तर त्याच दिवशी. आशाताईंना सांगा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन नोंद करायला लावा. तोंडी सांगून परत येऊ नका. साथरोग सर्वेक्षणाची यंत्रणा आकड्यांवर हलते, आणि लाजेने डोक्याला रुमाल बांधून बसलेल्या माणसाचा आकडा होत नाही. एकट्या घरात घडलं, पण बरोबर उलट्या, मुंग्या, तोंडाला धातूची चव, श्वासाला लसणासारखा वास किंवा नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा असतील, तरीही थांबू नका.

केस परत येतील का?

तापानंतर गेलेले येतात. विषबाधेतले, कारण थांबलं तर, बहुतेक येतात, कारण मूळ जिवंत असतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, तेव्हा बोटभर केसांसाठी सहा-सात महिने धरा. सेलेनियमवर वेगळा उतारा नाही: ते पोटात जाणं बंद करायचं आणि शरीराला बाहेर टाकू द्यायचं. ‘विष उतरवणारी’ सुई कोणी सुचवली तर नकार द्या, त्यातली काही औषधं सेलेनियममध्ये उलटतात.

मुलगी कॉलेजला जायला तयार नाही. काय करू?

शेगावकडे हेच झालं. मुलींनी कॉलेज सोडलं, ठरत आलेली लग्नं अडली, माणसांना टकल्या म्हणून हाका मारल्या गेल्या. तिचं रडू ‘केसच आहेत, येतील’ म्हणून उडवून लावू नका. तिला वरचं शास्त्र समजावून सांगण्याआधी तिच्याबरोबर बसा. ओढणी, टोप, पूर्ण गुळगुळीत डोकं, जे तिला बरं वाटेल ते तिला ठरवू द्या. प्राचार्यांना स्वतः जाऊन भेटा आणि सांगा की हे पसरत नाही. डॉक्टरांकडून तसं एका ओळीचं पत्र घ्या, वर्गात शेजारी बसायला नकार देणाऱ्यांच्या पालकांसाठी ते लागतं.

गव्हाची ती पुरचुंडी किती दिवस ठेवायची?

ते पोतं संपल्यानंतर तीन महिने. कीड लागू नये म्हणून हवाबंद डब्यात, औषधी पावडर न घालता, आणि पिठाच्या डब्यापासून लांब.